पानाच्या मागचा हिरवा

सध्या माझ्या बाकड्यावर एक चेस्ट ऑफ ड्रॉवर्स, म्हणजे खणांचं कपाट, आहे. इंग्लिश, अक्रोडाचं, १६८० च्या आसपासचं. प्रत्येक खणाच्या दर्शनी भागावर, दोन्ही बाजूंना आणि वरच्या फळीवर फुलं आहेत: ट्यूलिप, कार्नेशन, गुलाब, जाई, मधूनच एखादा पक्षी. ही फुलं रंगवलेली नाहीत आणि कोरलेलीही नाहीत. वेगवेगळ्या लाकडांचे पातळ पापुद्रे आकारात कापून, एकमेकांत बसवून, सरसाने खालच्या फळीवर चिकटवलेत. याला मार्केट्री म्हणतात. लाकडात खाच खणून तिच्यात तुकडा बसवणं हे जडावकाम वेगळं. इथे फुलांमागची जमीनसुद्धा पापुद्र्याचीच असते आणि सगळा पृष्ठभाग एकदमच चिकटवलेला असतो.

सगळ्यात खालच्या खणावर ट्यूलिपचं एक पान सुटत आलं होतं. खालचा सरस मेला होता. कोमट पाण्याचा हात फिरवून, पातळ पात्याने मी ते अलगद उचललं आणि साफ करायला उलटं केलं. वरून ते पान चहाच्या रंगाचं, शेजारच्या अक्रोडापासून जेमतेम वेगळं कळणारं. मागून ते हिरवं होतं. ओल्या, ताज्या कैरीचा असतो तसा हिरवा. तीनशेहून जास्त वर्षं उजेड न लागलेला.

हे पहिल्यांदाच दिसलं असं नाही. या धंद्यातल्या सगळ्यांना ते ठाऊक असतं, तरीही दर वेळी हातातलं काम थांबतं. म्युझियममध्ये किंवा जुन्या वाड्यांत हे फर्निचर बघायला येणारी माणसं त्या मधाळ तपकिरी रंगाचं कौतुक करतात, आणि तो रंग आहेही सुरेख. पण ज्या माणसाने हे पान कापलं त्याला तो नको होता. त्याने बाग केली होती. लाल, पिवळी, पांढरी फुलं, हिरवी पानं आणि मागे काळ्याभोर आबनुसाची किंवा गडद अक्रोडाची जमीन. आज आपण बघतो ती त्या बागेची वाळलेली अवस्था आहे, आणि जुनं इंग्लिश फर्निचर म्हणजे गंभीर, तपकिरी, शांत, ही आपली समजूत बरीचशी सूर्यप्रकाशाने तयार केलेली आहे.

मी मिरजेची. बाबा तंबोऱ्याच्या भोपळ्यावर नक्षी करायचे. पूर्वी त्या कामात हस्तिदंत असायचा, त्यांच्या काळात सेल्युलॉइड आलं. पांढरी वेल बसवायची, बारीक रेघा कोरायच्या, त्यांत काळं भरायचं. म्हणून इंग्लंडात येऊन लाकडी फर्निचरच्या डागडुजीचं शिक्षण घेतलं तेव्हा बाकीच्या मुलांना जे अवघड वाटलं त्यातलं थोडं माझ्या हातात आधीच होतं. या पानाचा फोटो मी बाबांना पाठवला. त्यांनी रंगाबद्दल काही विचारलं नाही. फोन लावला आणि पहिला प्रश्न केला, "अगं, परत बसवताना सरस कुठला वापरणार? जनावराचाच ना?"

"हो बाबा, जनावराचाच. तुम्ही वापरायचात तसाच, तापवून."

"मग ठीक. फेविकॉल लावू नकोस बाई त्याला. पुढच्याला सोडवता आलं पाहिजे."

आमच्या क्षेत्रातला सगळ्यात मोठा नियम त्यांनी न शिकता सांगितला. केलेली दुरुस्ती पुढच्या माणसाला उलटवता आली पाहिजे. सरस गरम पाण्याने सुटतो, म्हणून सरस.

आता ही फुलं इंग्लंडात आली कुठून ते सांगते. १६६० साली दुसरा चार्ल्स परागंदा आयुष्य संपवून गादीवर बसला. निर्वासिताचे दिवस त्याने आणि त्याच्या दरबाऱ्यांनी फ्रान्स आणि नेदरलँड्समध्ये काढले होते, त्यामुळे परतताना त्यांची नजर बदललेली होती. ओकचं जडशीळ, कोरीव सामान जुनाट वाटायला लागलं. हाच तो चार्ल्स, ज्याला ब्रागांझाच्या कॅथरीनशी ठरलेल्या लग्नात, १६६१ च्या तहाने, मुंबई मिळाली आणि ज्याने १६६८ मध्ये ती वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. कॅथरीनने पोर्तुगालहून बरोबर आणलेली हिंदुस्थानी कपाटं इथे यापूर्वी कधी कुणी पाहिली नव्हती, असं जॉन एव्हलिन या इंग्लिश लेखकाने १६६२ च्या रोजनिशीत नोंदवून ठेवलंय. त्या कपाटांतून इंग्लिश मार्केट्री जन्मली असं मी म्हणत नाही, तिची वाट वेगळी आहे. पण दरबाराची डोळ्यांची भूक किती वाढली होती ते त्यावरून कळतं.

मग १६६६ ची आग. लंडनमधली जवळपास १३,००० घरं जळाली. घरांबरोबर त्यांतलं सामानही गेलं आणि नव्या घरांना नवं सामान लागलं. शहर उभारायचं म्हणून बाहेरच्या कारागिरांवरची बंधनं सैल केली गेली. डच आणि फ्लेमिश कारागीर आले, पुढे १६८५ मध्ये फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांना असलेलं संरक्षण काढून घेतल्यावर ह्यूगनॉट, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट, कारागिरांचा लोंढा आला. १६८९ मध्ये तर डच विल्यमच मेरीबरोबर राजा झाला. नेदरलँड्समध्ये तेव्हा फुलांची चित्रं हा मोठा व्यवसाय होता, ट्यूलिपचं वेड १६३७ मध्ये कंदांचे भाव कोसळल्यानंतरही पुरतं उतरलेलं नव्हतं. चित्रकाराच्या फुलदाण्या लाकडात उतरल्या त्या अशा. रायगडावर १६७४ साली राज्याभिषेक होत होता आणि ईस्ट इंडिया कंपनीचा हेन्री ऑक्झिंडन नजराणा घेऊन दरबारात उभा होता, त्याच सुमाराला लंडनमध्ये ही फुलं भरात येत होती. इंग्लंडमधला कुठलाही काळ असा आपल्या पंचांगावर ठेवून बघितला की मला तो लवकर कळतो.

कारागिरांची नावं मात्र जवळजवळ नाहीतच. गेरिट जेन्सनचं नाव टिकलं, कारण त्याने चार्ल्सपासून राणी अ‍ॅनपर्यंत राजघराण्याला माल पुरवला आणि सरकारी हिशेबांत त्याची बिलं राहिली. तो १७१५ मध्ये गेला. अ‍ॅमस्टरडॅमच्या यान व्हान मेकेरनची कपाटं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहेत. अख्ख्या दारावर पसरलेला एकेक मोठा गुच्छ, पाकळ्या वळलेल्या, देठ वाकलेले. इंग्लिश माणूस एवढा मोकळा सुटत नाही. तो फुलांना चौकटीत ठेवतो: मध्ये लंबगोल, चार कोपऱ्यांत चार तुकडे, आणि मधल्या जागेत बऱ्याचदा ऑयस्टर, म्हणजे ऑलिव्ह किंवा लॅबर्नमची फांदी आडवी-तिरपी कापून काढलेल्या चकत्या, ज्यांत झाडाची वर्तुळं कालवाच्या शिंपल्यासारखी दिसतात. मला विचाराल तर कारागिरीत मेकेरन वरचढ आहे. पण रोज ज्याच्याशेजारी बसून काम करावं असं वाटतं ते इंग्लिश काम. त्यातली फुलं जरा साधी असतात, थोडी अवघडलेली, आणि म्हणूनच करणाऱ्याचा हात त्यांत दिसतो.

तो हात दिसतो कसा, हे सांगायला कामाची पद्धत सांगावी लागेल, आणि मला ती सांगायला आवडते.

आधी कागदावर चित्र. मग चित्राच्या रेषांवरून सुईने भोकं पाडायची आणि वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची, की खालच्या कागदावर ठिपक्यांनी तेच चित्र उमटतं. आपल्याकडे छापाच्या रांगोळीत रंग झिरपतो अगदी तसंच. अशा अनेक प्रती काढायच्या. मग लाकूड. आजचं व्हिनिअर मशीनच्या पात्याने सोलतात, ते साधारण ०.६ मिलिमीटर असतं. त्या काळात पापुद्रे हाताच्या करवतीने कापायचे, त्यामुळे ते दीड-दोन मिलिमीटर जाड. फुलांच्या पांढऱ्यासाठी हॉली, पिवळसरासाठी बॉक्सवुड, मध्यम रंगांसाठी नासपती आणि सिकॅमोर, काळ्यासाठी आबनूस. जे रंग झाडांत नाहीत ते लाकूड उकळत्या रंगात बुडवून आणायचे: लालसाठी ब्राझीलवुड, पिवळ्यासाठी बार्बेरी, हिरव्यासाठी तांब्याचा गंज. जाईच्या पाकळ्यांना हाड किंवा हस्तिदंत, आणि तिच्या पानांना हिरवं रंगवलेलं हाड.

एकाच रंगाचे चार-सहा पापुद्रे एकावर एक रचायचे, वरखाली टाकाऊ फळी, मध्ये करवत सहज चालावी म्हणून चरबी लावलेला कागद, आणि सगळ्याला खिळे मारून एक गठ्ठा करायचा. कारागीर एका लाकडी घोडीवर बसतो. इंग्रज तिला गाढव म्हणतात. पायाने पट्टी दाबली की समोरचा जबडा गठ्ठा घट्ट धरतो, उजव्या हाताने केसाएवढ्या पात्याची करवत मागेपुढे, डाव्या हाताने गठ्ठा फिरवत राहायचं. एका कापात एक पाकळी निघत नाही, एकसारख्या चार-सहा पाकळ्या निघतात. म्हणूनच जोडीच्या दारांवर आणि खणांवर तेच फूल पुन्हा पुन्हा भेटतं, कधी सरळ, कधी उलटं करून.

माझ्या बाकड्यावरच्या या चेस्टमध्ये दुसऱ्या खणाच्या डाव्या बाजूला एक ट्यूलिप आहे. त्याच्या बाहेरच्या पाकळीच्या टोकाला करवत रेषेबाहेर घसरलीय, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी. उजवीकडच्या ट्यूलिपमध्ये, आरशात दिसावी तशी, तीच घसर. एका दुपारी एका माणसाचा हात एकदा चुकला आणि तो खणाच्या दोन्ही टोकांना कायमचा राहिला. या माणसाचं नाव कुठल्या बिलात नाही. मी त्या जागेवरून मेणाचं फडकं जरा सावकाश फिरवते.

आणि मग वाळू. सगळ्यात सुंदर टप्पा. लोखंडी कढईत बारीक वाळू तापवायची. पाकळीचा तुकडा चिमट्यात धरून त्याची एक कड गरम वाळूत खुपसायची, काही क्षण, बाहेर काढायची. जिथे वाळू जास्त खोल आणि जास्त गरम तिथे लाकूड जास्त करपतं, वर येताना फिकट होत जातं. अशी सावली येते, रंगाशिवाय. सपाट तुकडा वळलेल्या पाकळीसारखा दिसायला लागतो. ज्या एव्हलिनने राणीच्या कपाटांबद्दल लिहिलं, त्यानेच १६६४ च्या आपल्या वृक्षग्रंथात हेही टिपलंय, की फुलांच्या कामात पानांचं वळण दाखवायला कारागीर कापलेले तुकडे हव्या त्या खोलीपर्यंत तापलेल्या वाळूत बुडवतात. मी हे शिकले तेव्हा कळलं की अवघड भाग करपवणं नाही, थांबणं आहे. लाकूड वाळूत असताना बाहेरून काही दिसत नाही. वेळ मनातल्या मनात मोजावा लागतो आणि प्रत्येक लाकडाचा वेळ वेगळा. हॉली पटकन पकडते. शिवाय तापलेला तुकडा आकसतो, म्हणून बाहेर काढल्यावर त्याला थोडं ओलं करून पुन्हा त्याच्या मापावर आणावं लागतं, नाहीतर तो आपल्या जागेत सैल बसतो.

सगळे तुकडे कागदावर मांडून चिकटवतात, म्हणजे चित्र एकसंध राहतं. मग ते उलटं करून गरम सरस लावलेल्या फळीवर दाबायचं, वरून तापवलेली लाकडी फळी, शिकंजे. थंड झाल्यावर कागद भिजवून काढायचा, पृष्ठभाग खरवडून सपाट करायचा. शेवटी पानांच्या शिरा आणि पाकळ्यांच्या रेघा कोरायच्या आणि त्यांत काळं भरायचं. हेच ते बाबांचं काम.

अशी फुलं फक्त खणांवर नव्हती. टेबलं, आरशांच्या चौकटी, मेणबत्तीचे स्टँड, आणि घड्याळं. लंबक असलेलं घड्याळ डच शास्त्रज्ञ ह्यूगन्सने १६५६ मध्ये बनवलं, दोनेक वर्षांत ते लंडनला पोचलं. पुढे सेकंदाचा ठोका देणारा, सुमारे ९९ सेंटिमीटरचा लांब लंबक आला, त्याला झुलायला उंच पेटी लागली, आणि त्या उंच पेटीचं दार हे मार्केट्रीवाल्यांना आयतं मिळालेलं पान होतं. टॉम्पियनसारख्या घड्याळजीचं नाव तबकडीवर असतं. दारावर फुलं करणाऱ्याचं नसतं.

१६९० नंतर फुलं बारीक होत गेली. मोठे गुच्छ जाऊन समुद्रशेवाळासारखी नाजूक, दोनच रंगांची वेलबुट्टी आली. १७२० च्या आसपास हे सगळंच मागे पडलं. १७२१ मध्ये वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरचा कर उठला, महोगनी स्वस्तात यायला लागली आणि सपाट, गडद, चकचकीत लाकडाची चव लागली. १७६० च्या दशकात मार्केट्री परतली. त्या लाटेतलं सगळ्यात नावाजलेलं काम यॉर्कशायरमध्ये, लीड्सजवळच्या हेअरवुड हाउसमध्ये आहे: फर्निचर बनवणाऱ्या चिपेंडेलचं डायना आणि मिनर्व्हा कमोड (कमोड म्हणजे इथे शोभेचं बुटकं कपाट), १७७३ चं, बिल ८६ पौंडांचं. सॅटिनवुडची जमीन, देवतांचे चेहरे हस्तिदंताचे. हे फार मोठं काम आहे, मी त्याच्यापुढे मान झुकवते. तरी सांगते, माझा जीव आधीच्या शतकातल्या त्या अनामिक ट्यूलिपवाल्यांवर जास्त आहे.

चेस्टचे मालक मागच्या आठवड्यात येऊन गेले. पानाची हिरवी बाजू त्यांना दाखवली. त्यांचे डोळे विस्फारले आणि त्यांनी विचारलं की मग सगळ्यालाच तसं करता येईल का, वरचा थर घासला तर रंग वर येईल ना? येईलही थोडा. पण पापुद्रा दीड मिलिमीटर आहे आणि या चेस्टला पूर्वी कुणीतरी एकदा घासलेलं आहे. वरच्या फळीवर दोन गुलाबांच्या कोरलेल्या रेघा त्यात पुसट झाल्यात, एका ठिकाणी तर सावलीच उरलेली नाही, कारण वाळूने करपलेला थर फार खोल नसतो. पुन्हा घासलं तर रंग दहा-वीस वर्षं दिसेल, मग उजेडाने तोही जाईल, आणि या खेपेला खाली काही उरणार नाही. शिवाय जुन्या मेणाचा, हात लागून आलेला जो थर आहे तो एकदा गेला की आणता येत नाही. मी स्पष्टपणे "नाही" म्हटलं. त्याऐवजी पान बसवण्याआधी त्याच्या मागच्या बाजूचे नीट फोटो काढले, रंगाचा नमुना कागदावर जुळवून फाइलला लावला. मालकांना ते पटलं. चेस्ट खिडकीपासून हलवायचंही त्यांनी कबूल केलं, आणि हीटरपासूनही, कारण खालची पाइनची फळी आकसली की वरची फुलं तडकतात. सुटलेली पानं बहुतेक वेळा हीटरचीच देणगी असते.

इथे राहणाऱ्या मराठी मित्रमैत्रिणींना एक सांगायचंय. लिलावघरांत विक्रीआधी माल बघायचे दिवस असतात. त्यांना साधारणपणे पैसे पडत नाहीत, घ्यायलाच हवं असं नसतं आणि खण उघडू देतात. जा. खण बाहेर काढा आणि कडेने बघा: पापुद्रा जाड असेल, जाडी कमीजास्त असेल तर तो हाताच्या करवतीचा असायची शक्यता मोठी. सगळीकडे कागदासारखा एकसारखा पातळ असेल तर काम बहुधा एकोणिसाव्या शतकातलं किंवा नंतरचं. जुन्या साध्या फर्निचरवर पुढे केव्हातरी फुलं चढवल्याचेही प्रकार पुष्कळ आहेत. त्यांत फुलं कुलपाच्या छिद्राशी किंवा कडेशी विचित्र कापली जातात, कारण आराखडा त्या फर्निचरसाठी झालेलाच नसतो. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, म्हणजे कोरलेल्या रेघा उठून दिसतात. आणि जाईच्या पांढऱ्या पाकळ्या हस्तिदंताच्या वाटल्या तर विकत घेण्याआधी नोंदणीचं विचारा: २०२२ पासून लागू झालेल्या ब्रिटिश कायद्यानुसार १९४७ च्या आधीची, १० टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेली वस्तू विकता येते, पण नोंदणी करूनच. खण उघडलाच आहे तर जोडणीजवळ, जिथे ऊन पोचलेलं नाही अशा आतल्या कडेला बघून घ्या. हिरवा तिथे असू शकतो.